नगराध्यक्षांची जीप वजनकाट्यावर

जीप वजनकाट्यावर उभी होती. जीपमध्ये गळाभर हार घातलेल्या नव्या नगराध्यक्षा उभ्या होत्या. स्टिअरिंगवर मी होतो. आणि काट्याच्या खिडकीतून इंगोलेबाबू मला विचारत होते, "टोकन कुठी हाय?"

"बाबू, हे मिरवणूक हाय," मी म्हटलं.

"ते मले दिसून राह्यलं. टोकन दाखवा."

मी पेशाने मेकॅनिक. बसस्टँडच्या मागे आमचं गॅरेज आहे, आधी अब्बांचं होतं, मग माझं झालं, आता मुलगा बघतो. गाव दिग्रस-पुसद भागातलं, एवढं पुरे. नाव सांगितलं तर जुनी भांडणं नव्याने निघतील. आमच्या गावाला नगरपरिषद आहे, आणि नगराध्यक्ष निवडून आला की त्याची मिरवणूक जुन्या जिनापासून नगरपरिषदेच्या पायरीपर्यंत निघते. जिन म्हणजे सरकी आणि रुई वेगळी करायचा कारखाना. आमचे पहिले अध्यक्ष त्या जिनाचे मालक होते. ते सकाळी जिनाच्या फाटकातून निघून पायीच खुर्चीवर जाऊन बसले, आणि मागून चार लोक गेले. एवढीच ती पहिली मिरवणूक.

दुसऱ्यांना पायी जाणं कमीपणाचं वाटलं, म्हणून ते घोड्यावर बसले. फटाक्याच्या लडीने घोडा बिथरला आणि अध्यक्षांना घेऊन थेट नाल्यापलीकडे गेला. पदभार दुसऱ्या दिवशी घ्यावा लागला. तेव्हा तिसऱ्यांनी अब्बांना बोलावलं. अब्बांकडे लष्कराच्या लिलावातून घेतलेली जीप होती. हूड काढला, समोरची काच बॉनेटवर पाडली, झाली गाडी तयार. तेव्हापासून तीच जीप, आणि ड्रायव्हर आमच्या घरचाच.

जीप आली तसे नियमही आले. कोणी लिहिले नाहीत, पण गावाला तोंडपाठ. अध्यक्षाने जीपमध्ये बसायचं नाही, उभंच राहायचं. बसायचं ते एकदम खुर्चीवर. बँड पुढे, जीप मागे, जीपने बँडला ओलांडायचं नाही. आणि सगळ्यात मोठा नियम, मिरवणूक मागे फिरणार नाही. याचं कारण एका अध्यक्षांचा साळा. तो रुसून घरी बसला होता. अर्ध्या वाटेत अध्यक्षांना त्याची आठवण झाली आणि त्यांनी अब्बांना जीप रिव्हर्स घ्यायला लावली. साळा आला, पण वर्षाच्या आत अविश्वास ठराव आला आणि त्यावर पहिली सही साळ्याची होती.

पुढच्या वेळी लोकांनी अब्बांना सांगितलं, रिव्हर्सचा बंदोबस्त करा. अब्बा कामात पक्के. त्यांनी गियरच्या दांड्याच्या बुडाशी एक लोखंडी पट्टी बसवली. तिचे दोन बोल्ट आवळले की दांडा रिव्हर्सकडे जातच नाही. जिनाच्या फाटकात सगळ्यांसमोर बोल्ट आवळायचे आणि तो पाना नव्या अध्यक्षाच्या हातात द्यायचा. अध्यक्षाने तो खुर्चीवर बसल्यावर टेबलावर ठेवायचा, मग मी जाऊन तो परत आणायचा. दुसऱ्या गावात अध्यक्षांच्या हातात तलवार देतात, आमच्याकडे पाना. मला त्याचा फार अभिमान होता, आजही आहे.

आता थोडं कामाचं सांगतो. जीप चालवणं सोपं, माणसाच्या चालीने चालवणं कठीण. पहिल्या गियरमध्ये, अर्धा क्लच दाबून, नाचणाऱ्या लोकांच्या मागे गाडी सरकवायची. वारा लागत नाही, त्यामुळे रेडिएटरचं पाणी उकळतं. म्हणून मी पुढच्या जाळीवर ओलं गोणपाट टाकत असे आणि पायाशी पाण्याचा कॅन ठेवत असे. थांबत थांबत पाणी टाकायचं. एवढं सांभाळलं की म्हातारी जीप नाव राखते.

त्या वर्षी अध्यक्षपद महिलांसाठी राखीव झालं आणि शेवंताबाई निवडून आल्या. गावाला लागून असलेला तांडा नगरपरिषदेच्या हद्दीत आला होता, तिथल्या त्या. आयुष्यभर अंगणवाडीत काम केलेलं. तांड्यावरचे लोक त्यांना याडी म्हणतात, याडी म्हणजे आई, आणि निम्म्या गावाची पोरं त्यांच्या झोळीच्या काट्यावर तोलली गेलेली. माझीही दोन्ही. त्यामुळे जात-पात-पक्ष न बघता बायकांनी मतं दिली आणि भैय्यासाहेबांचा माणूस पडला. भैय्यासाहेब म्हणजे गावचे जुने पुढारी. बाईंचा विजय त्यांना घशाखाली उतरत नव्हता.

त्यांनी एक डाव टाकला. मिरवणुकीच्याच दिवशी दुपारी दोनला पहिली सभा होती, उपाध्यक्ष निवडायची. अध्यक्ष हजर नसेल तर हजर सदस्य आपल्यातलाच एक जण त्या सभेपुरता अध्यक्ष करून काम उरकू शकतात, असं मुख्याधिकाऱ्यांनी सांगून ठेवलं होतं. भैय्यासाहेब आपले सदस्य घेऊन एक वाजताच सभागृहात जाऊन बसले. बाईंचे सगळे सदस्य मिरवणुकीत. बाई वेळेत पोचल्या नाहीत तर उपाध्यक्ष भैय्यासाहेबांचा, आणि मग पाच वर्षं बाईंच्या प्रत्येक कागदावर त्यांचा अडसर.

"रफिकभाई, टायमावर न्या मले," पाना हातात घेताना बाई मला म्हणाल्या.

"बाई, ही जीप आजवर कधी लेट नाई झाली," मी म्हटलं. खरंच नव्हती झाली.

पण ती कापसाच्या हालाची वर्षं. खाजगी व्यापाऱ्यांनी भाव पाडलेला, बाजूची जिनं बंद पडलेली, त्यामुळे अख्ख्या तालुक्याचा कापूस आमच्या सरकारी खरेदी केंद्रावर. केंद्र मार्केट यार्डात. बैलबंड्या, ट्रॅक्टर, मेटॅडोर, यांची रांग यार्डाच्या फाटकापासून पार पेट्रोलपंपापर्यंत. लोक बंडीखालीच झोपत, तिथेच रांधत. अर्धा रस्ता रांगेचा, उरलेल्या अर्ध्यातून आमची मिरवणूक.

आमचे बँडमास्तर वामनमास्तर. बँडमास्तर कसा चालतो ते बघितलंय का कधी? उलटा. तोंड बँडकडे, पाठ रस्त्याकडे. त्याला वाजवणाऱ्यांचा ताल बघायचा असतो आणि अध्यक्षांचा चेहराही. पुढे काय आहे ते तो पाठीने ओळखतो. वामनमास्तर बरीच वर्षं पाठीने अचूक चालले होते. पण त्या दिवशी अर्धा रस्ताच नव्हता. यार्डापाशी आले आणि नेमकं तेव्हाच फाटकवाल्याने पुढच्या गाडीसाठी फाटक उघडलं. मास्तरांच्या पाठीला मोकळी जागा लागली. त्यांनी आपलं उजवीकडे वळण घेतलं आणि क्लॅरिनेट वाजवत, डोलत, बँडसकट यार्डात शिरले.

मी बघितलं. हॉर्न दिला. बँडमध्ये हॉर्न कोणाला ऐकू येतो? बँडला ओलांडायचं नाही हा नियम, म्हणून मीही मागोमाग वळलो. वाटलं, आत गेल्यावर मास्तर वळतील. पण आतली गल्ली दोन्ही बाजूंनी भिंतीची, एका गाडीपुरती. मास्तर आडव्या बांबूखालून वाकून पलीकडे गेले, त्यांच्या मागे ढोल-ताशे गेले, आणि माझी जीप बांबूपाशी, बरोबर काट्यावर थांबली. मागे बघितलं तर रांगेतल्या बंड्या आत शिरून बैलांची तोंडं आमच्या सदस्यांच्या खांद्याशी. रांग हलली की हलायचं, एवढंच त्या बैलांना माहीत.

वजनकाटा म्हणजे जमिनीच्या पातळीतला लोखंडी चौथरा. त्यावर अख्खी गाडी चढवतात आणि खिडकीतल्या यंत्रावर आकडा येतो. आधी भरलेली गाडी तोलायची, कापूस उतरवायचा, मग रिकामी तोलायची. मधला फरक म्हणजे कापूस. रिकाम्या गाड्यांचा काटा मागच्या फाटकाजवळ होता. तिथला बाबू रजेवर असल्याने दोन्ही काटे एकटे इंगोलेबाबू सांभाळत होते.

"मांगच्या हंगामात एका पुढाऱ्याचा ट्रक बिनाटोकन गेलता," बाबू म्हणाले. "पुढारी गेला, मेमो मले भेटला. आता माहा बाप आला तरी टोकन पायजे."

तेवढ्यात मागून आरडाओरडा सुरू झाला. "नंबर तोडून राह्यले! पहिल्याच दिवशी नंबर तोडून राह्यले!" तीन दिवसांपासून रांगेत असलेल्या माणसाला हार-फुलं दिसत नाहीत, पुढे घुसलेली गाडी दिसते. कोणीतरी बाईंना म्हणालं, "याडी, पाना द्या. रफिकभाई पट्टी काढते अन् जीप मांगं घेते."

बाईंनी पान्याकडे बघितलं, मग मागे बघितलं. "जीप मांगं येईन. पण ह्या बैलाइले रिव्हर्स हाय का, रफिकभाई?"

"नाई जी."

"मंग पान्याचं काय लोणचं घालू?"

मी म्हटलं, "बाई, तुमी उतरा. नियम गेला चुलीत. पायी जा, दहा मिनटात पोचता. मी पाहतो इथलं."

इंगोलेबाबूंनी खिडकीतून मान काढली. "जीप काट्यावर सोडून बाई गेल्या तर मी आज काटा बंद करतो. आकडा आला हाय तो बाईसकट, चिठ्ठी नाई निघाली. हे निस्तरल्याबिगर दुसरी गाडी घेता येत नाई." आणि काटा बंद म्हणजे त्या दिवसाची खरेदी बंद. मागच्या रांगेतले लोक बंड्यांवरून खाली उतरायला लागले. ते आरड्याओरड्याहून वाईट होतं.

मी बाईंना ओळखतो, त्या घाबरल्या होत्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. मग म्हणाल्या, "सभा गेली तर जाऊ द्या. माह्यापायी काटा बंद नाई व्हायचा. बाबू, तुमचा कायदा सांगा, काय केलं म्हणजे हे गाडी पुढं जाईन?"

"टोकन पायजे अन् गाडीत कापूस पायजे. बस."

"मायाजवळ हाय," भिंतीकडून आवाज आला.

तिथे गाठोड्यांच्या ढिगावर किसनकाका बसले होते. शेजारच्या खुर्द गावचे म्हातारे, जिभेचे तिखट. त्यांचं प्रकरण आमच्या उलट. भाड्याच्या मेटॅडोरवाल्याने त्यांची गाठोडी फाटकाच्या आत उतरवली आणि 'लग्नाला जाऊन येतो' म्हणून गेला तो गेला. त्यांच्याकडे टोकन होतं, नंबर आता त्यांचाच होता. पण गाडीशिवाय काट्यावर कापूस घेत नाहीत, आणि दुसरा कोणी आपल्या गाडीत त्यांचा कापूस घेईना. मघाशी आमचा ताशेवाला त्यांच्याच गाठोड्यांना अडखळला होता आणि त्यांनी त्याच्या सात पिढ्या उद्धारल्या होत्या.

म्हणजे काकांकडे टोकन, गाडी नाही. आमच्याकडे गाडी, टोकन नाही. मी काकांकडे बघितलं, काकांनी जीपकडे. दोघांनी मिळून बाबूंकडे बघितलं. बाबूंनी टोकन उलटंपालटं करून पाहिलं. "हरकत नाई," ते म्हणाले. "पण एक ध्यानात ठेवा. भरल्या गाडीत जे माणूस असन, तेच रिकाम्या गाडीत पायजे. बाई मधात उतरल्या तर त्याइचं वजन कापसात धरल्या जाईन."

बाई एकदम हसायला लागल्या. "बाबू, मले नका शिकवू. रडकं लेकरू काट्यावर ठरलं नाई का, आम्ही मायसकट तोलत होतो. मंग माय एकटी. आज माय मी अन् लेकरू काकाचं."

नगरसेवकांनी गाठोडी उचलली. खादीचे नवे कडक सदरे घातलेले लोक, कापसाची गाठोडी जीपमध्ये फेकत होते आणि काका ओरडत होते, "हळू टाक बे, कापूस हाय, दगड नाई." रांगेतले चार जण हात लावायला पुढे आले. नंबर तोडला म्हणणारेच ते. बाई कमरेपर्यंत कापसात उभ्या राहिल्या. बाबूंनी आकडा घेतला, बांबू वर गेला, आणि वामनमास्तरांनी, जे आतापर्यंत पलीकडे वाजवतच होते, जोरात सलामी दिली.

खरी गंमत पुढे. जीप उकळायला लागली होती. कॅन वाटेतच रिकामा झाला होता, तो यार्डाच्या नळावर भरायला मी उचलला, तर किसनकाकांनी माझा हात धरला. "पाणी टाकू नको बे. रिकाम्या गाडीचं वजन वाढलं तर माहा कापूस कमी भरन."

त्यांचं बरोबर होतं. दोन वजनांच्या मधे गाडीत काही टाकायचं नाही, काही काढायचं नाही. मी रिकामा कॅन पुन्हा पायाशी ठेवला. तर पलीकडून बाबू ओरडले, "रफिकभाई, वाफ जाऊन राह्यली! वजन उतरून राह्यलं! सरकारचं नुकसान होऊन राह्यलं!" तो काटा पाच-दहा किलोच्या खालचं काही दाखवत नव्हता, वाफ कसली मोजतोय. पण बाबूंना मेमोची भीती, काकांना कापसाची, आणि मधे मी, रेडिएटरचं झाकण फडक्याने दाबून.

बाबू दुसऱ्या काट्यापर्यंत जीपच्या बाजूने चालत आले, पहारा देत. गंजीपाशी कापूस उतरला. गंजी म्हणजे कापसाचा घराएवढा ढीग. तिथे तांड्यावरच्या बायका थांबल्या होत्या, त्या हार घेऊन धावल्या. बाबू आडवे झाले. "हार नाई! दुसऱ्या वजनापर्यंत एक फूल नाई!" एका बाईने ऐकलं नाही, हार टाकलाच. बाबूंनी तो काढून घेतला आणि ठेवायला जागा नव्हती म्हणून स्वतःच्या गळ्यात घातला. मग लोकांना वाटलं बाबूंचाही सत्कार आहे. त्यांच्यावर गुलाल पडला. मी एवढा हसलो की क्लच सुटला आणि जीप ठेचकाळली. बाई पडता पडता वाचल्या, पण बसल्या नाहीत. खुर्चीवरच बसायचं, हा नियम त्यांच्या लक्षात होता.

यार्डाची मागची भिंत आणि नगरपरिषदेचं आवार यांच्यात एक बोळ आहे. बातमी त्या बोळातून केव्हाच पलीकडे गेली होती. नगरपरिषदेचा शिपाई सभागृहात पाणी द्यायला गेला आणि सांगून बसला, "नव्या बाईले कापसाच्या काट्यावर तोलून राह्यले." झालं. पहिला सदस्य उठून गॅलरीत गेला. गॅलरीतून नीट दिसेना म्हणून खाली गेला. दुसरा त्याच्या मागे. दोनला दहा मिनिटं कमी असताना मी मान वर करून बघितलं, तर भिंतीवर ओळीने भैय्यासाहेबांचे सगळे सदस्य बसलेले, पाय आत सोडून, शेंगदाणे खात. शेवटी त्यांना हाकायला खुद्द भैय्यासाहेब आले. भिंतीशी उभे राहून दोघा-तिघांच्या धोतराला झटके दिले, कोणी हलेना. मग त्यांनीही टाचा उंचावून एकदा आत बघितलं, आणि बघतच राहिले.

सभागृहात मुख्याधिकारी एकटे. कोरम भिंतीवर.

दुसऱ्या काट्यावर जीप चढली. बाबूंनी आकडा घेतला, वजाबाकी केली, आणि चिठ्ठी काकांच्या हातात दिली. काका चिठ्ठी बघून म्हणाले, "बराबर हाय." त्यांच्या तोंडून यापेक्षा मोठी स्तुती आजवर कोणी ऐकलेली नाही. मग मी नळावर कॅन भरला आणि रेडिएटरमध्ये पाणी टाकलं. जीपने जो सुस्कारा सोडला, तो मला आजही आठवतो.

मागचं फाटक उघडलं. तिथून नगरपरिषद समोरच. मास्तर उलटे चालायला लागले, तेव्हा दोन नगरसेवकांनी त्यांना खांद्याला धरून सुलटं केलं. भिंतीवरून उतरायला वेळ लागतो, आणि शेंगदाणे खाल्लेल्या माणसाला जास्त. बाई सभागृहाचा जिना चढल्या तेव्हा विरोधी बाजूचे अर्धे अजून भिंतीवर होते. बाई खुर्चीवर बसल्या. केसांत, भुवयांवर, हारांत सगळीकडे कापूस. पाना टेबलावर ठेवला. घड्याळाने दोन वाजवले. उपाध्यक्ष आमचाच झाला. मी बाहेर जीपच्या बॉनेटवर डोकं टेकून एकटाच हसत बसलो होतो. अब्बा असते तर ते आधी मला रागावले असते आणि मग स्वतःही हसले असते.

त्या दिवशी काटा संध्याकाळपर्यंत चालू राहिला. बाबूंना मेमो आला नाही.

आणि गावाला नवा नियम मिळाला. आता प्रत्येक नव्या अध्यक्षाची जीप यार्डात जाते आणि अध्यक्षासकट पहिलं वजन होतं. लोकांनी ठरवलं, दुसरं वजन पाच वर्षांनी, मुदत संपली की घ्यायचं. मधे अध्यक्ष किती भरला ते कळेल. सगळे हौसेने पहिल्या काट्यावर चढतात. दुसऱ्यावर आजवर एकच माणूस आलं. मुदत संपली त्या दिवशी शेवंताबाई गॅरेजवर आल्या आणि म्हणाल्या, "रफिकभाई, जीप काढा. माहं एक वजन राह्यलं हाय."

बाबूंनी आकडा बघितला, कापूस उतरवल्यावरचा जुना आकडा बघितला, चष्मा पुसला.

"बाई," ते म्हणाले, "घट आली."

या सगळ्यातून मी कामापुरतं एक शिकलो. रिव्हर्सची पट्टी मी अजूनही आवळतो, रिवाज आहे. पण आदल्या दिवशी पायी जाऊन रस्ता बघून येतो, आणि वामनमास्तरांच्या पाठीमागे सुलटा चालणारा एक माणूस ठेवतो.